इनासच्या खळ्यातली इटली

कोल्हापूरहून सकाळी सहाची एसटी पकडली, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "देवदर्शनाला का?" एकटी बाई, वय एकसष्ट, मांडीवर पिशवी आणि गाडी कोकणात उतरणारी. त्यांचा काही दोष नव्हता. मी म्हटलं, "नाही, जेवायला." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. दाजीपूर मागे पडेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी खरंच जेवायला निघाले होते. मिठबावच्या अलीकडे एका वाडीत एक निवृत्त बोटीवरचा आचारी घरासमोर इटालियन जेवण वाढतो, असं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवर सांगितलं होतं. "बाई, तुम्हाला आवडणार नाही," असंही ती म्हणाली होती. मला आवडायला नकोच होतं. मला ते कसं असतं, एवढंच बघायचं होतं.

आता हे नीट सांगायला हवं. माझी मुलगी सायली पाच वर्षांपासून इटलीत, तुरीनला असते. मोटारींच्या आराखड्यांचं काम करते. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर इटलीचा तो बूट मी डोळे मिटून काढायची, आल्प्स, पो नदी, सगळं जागच्या जागी. पण माझं पाऊल कधी गोव्यापलीकडे पडलं नाही, आणि माझी पोर मात्र त्या बुटाच्या अगदी वरच्या काठाशी जाऊन बसली. तिचे बाबा गेले तेव्हा ती आली, महिनाभर राहिली. निघताना मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तिथं कोण आहे तुझं?" ती बॅगेची चेन लावत होती. वर न बघता म्हणाली, "खाली खानावळ आहे, आई."

तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक छोटी खानावळ आहे. आठ-दहा टेबलं, चालवणारी एक साठीची बाई. सायलीच्या फोनमध्ये तीच बाई सारखी डोकावायची. आज तिनं हे केलं, आज तिनं ते खायला घातलं. एकदा सायली तापानं पडली आणि दोन दिवस खाली गेली नाही, तर ती बाई तीन जिने चढून वर आली आणि दार वाजवत राहिली. सायलीनं हे कौतुकानं सांगितलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ताप आल्याचं मला मागाहून कळलं होतं. त्या बाईला आधी कळलं. एका खानावळीचा मत्सर करणारी आई माझ्याखेरीज दुसरी नसेल, पण मी तो पाच वर्षं मनापासून केला.

सायलीनं दोनदा माझं तिकीट काढलं. दोनदा मी रद्द करायला लावलं. एकदा गुडघ्याचं कारण सांगितलं, एकदा घराच्या रंगाचं. खरं कारण वेगळं होतं. जाऊन पाहिलं आणि ती तिथं सुखी दिसली, तर मग 'परत ये' म्हणायला मला तोंड राहिलं नसतं. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "आई, मी आता पुन्हा नाही विचारणार." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. अगदी सावकाश म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ह्या एसटीत बसले होते.

फोंडा घाट उतरताना कान बंद झाले आणि हवा अंगाला चिकटायला लागली. फोंडाघाटच्या बाजारात गाडी थांबली, तिथं चहा घेतला. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते. वरच्या बाजूला डोंगर अजून हिरवेगार होते आणि खाली भाताला पिवळेपणा येत होता. कणकवलीला गाडी बदलायची होती. स्टँडवर तासभर बसले, तर तिथं माझी छत्री कुणीतरी आपली समजून नेली आणि स्वतःची मोडकी ठेवून गेलं. मी ती मोडकी घेतली. पुढची गाडी समुद्राच्या दिशेनं निघाली, तसे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या बुटक्या भिंती) आणि कलमांच्या बागा सुरू झाल्या.

तिठ्यावर उतरले. एक रिक्षा उभी होती.

"खंय जावचा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"इथं कुठंतरी इटालियन हॉटेल आहे म्हणे."

"इटालियन?" तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "इनासाचा काय? शेवयांचा?"

"शेवयांचं?"

"शिरवाळे कसे, तशेच. पण रस नाय, तिसऱ्यो घालता. बसा, सोडतंय. पण आयज ता बंद आसा."

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, ह्या भागात नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. मी बंद असल्याचं ऐकून तिथंच थबकले. रिक्षावाला म्हणाला, "फाल्यां भट्टी पेटतली. पावसानंतरची पयली. सगळी आवाठ (वाडी) जमतली. तुमी येळेवर इलास." एक दिवस आधी येऊन बंद दारापाशी उभं राहणं ह्याला तो वेळेवर म्हणत होता. कोकणात वेळेचं गणित निराळं असतं हे ऐकून होते, ते अनुभवायला मिळालं.

इनासचं घर म्हणजे कौलारू, पुढं पडवी आणि पडवीपुढं भलं मोठं खळं (अंगण). खळ्याच्या एका कोपऱ्यात पांढरा खुरीस (क्रूस), त्याला ताज्या झेंडूची माळ. दुसऱ्या कोपऱ्यात चिऱ्यांची, वरून मातीनं लिंपलेली गोल भट्टी, आणि तिच्यापुढं उकिडवा बसलेला एक सडपातळ म्हातारा, हातानं माती चाचपून बघत.

"आयज नाय," तो मागं न बघता म्हणाला. "भट्टी सुकता हा."

आतून त्याची बायको आली. ठेंगणी, कमरेला पदर खोचलेला, हातात विळी. "खंयसून इलास?"

"कोल्हापूरहून."

"एकटीच? जेवूक?"

"हो."

ती विळी घेऊन तशीच उभी राहिली आणि मग हसायला लागली. "इनास, आयक. ही बाई घाट उतरान तुझ्या शेवयांसाठी इली हा!" इनास तेव्हा वळला. त्यानं मातीचे हात लुंगीला पुसले आणि अगदी अदबीनं, बोटीवरच्या पाहुण्यांशी बोलावं तशा प्रमाण मराठीत म्हणाला, "मॅडम, आपली गैरसोय झाली. उद्या संध्याकाळी आपलं टेबल तयार असेल." बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. "फाल्यांचा फाल्यां. आयज खंय जातली ती? बाई, ऱ्हवा हय. खोली आसा." तिचं नाव फिलू, म्हणजे फिलोमिना. वाडीत सगळे फिलूबाय म्हणतात. मीही म्हणायला लागले.

रात्री बांगड्याचं तिखलं आणि भात जेवले आणि नऊ वाजता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलूबायसोबत पडवीत तिसऱ्या धुवायला बसले. आदल्या रात्रीपासून त्या मिठाच्या पाण्यात होत्या, वाळू सोडायला. फिलूबाय एकेक उचलून कानाशी नेऊन हलवत होती. मेलेली तिसरी वेगळी वाजते, म्हणाली. मला सगळ्या सारख्याच वाजत होत्या. मी उचललेल्या दोन तिनं काढून टाकल्या.

फिलूबायनं सांगितलं, इनास अठ्ठावीस वर्षं प्रवासी बोटींवर होता. सुरुवातीला भांडी घासली, मग कांदे कापले, मग एका म्हाताऱ्या इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली आला. पाहुण्यांना जे वाढायचे ते जेवण त्याला कधी आवडलं नाही. पण दुपारी पाहुणे उठले की तो म्हातारा आपल्या माणसांसाठी, दहा-बारा जणांसाठी, एक पातेलं चढवायचा. त्याच्या गावात, त्याच्या गल्लीतल्या खानावळीत जसं करायचे तसं. सगळे उभ्याउभ्या तेच खायचे. इनास शिकला ते हे. "इटली मी बंदरापुरतीच बघितलंय," तो आतून ओरडून म्हणाला. तो ऐकत होता हे तेव्हा कळलं. "जेनोव्हाचो धक्को, थंयचो एक चहावालो, आणि परत बोटीर."

"चहावालो नाय, कॉफीवालो," फिलूबायनं दुरुस्त केलं. "माका सगळा पाठ आसा."

ह्या गावात ह्या जेवणाला लागणाऱ्या वस्तू कुठून मिळतात, हा माझा पुढचा प्रश्न. म्हशीचं दूध फोंड्याच्या बाजूनं येतं, त्याचं चीज इनास घरीच करतो. आणि ह्या जेवणावर पेरतात तो हिरवा पाला? त्याची एक हकिकतच आहे. पहिल्या वर्षी शेजारच्या शेवंता वहिनीनं त्याला टोमॅटोवर पाला पेरताना बघितलं आणि सगळ्या वाडीत बोंब मारली की इनास तुळस रांधतो. मंडळी जाब विचारायला आली. इनासनं परसात नेऊन दाखवलं, तो सब्जा होता. उन्हाळ्यात ज्याचं बी आपण सरबतात घालतो, तोच. शेवंता वहिनीनं हुंगून बघितला, चावून बघितला, आणि चूक झाली म्हणायच्या ऐवजी तिथंच जेवायला बसली. तेव्हापासून ती रोज येते. एकटीच राहते, मुलगा मुंबईला असतो.

मग फिलूबायनं मला विचारलं, जेवायला एवढ्या लांब का, आणि मी सांगितलं. इतक्या सहज कसं सांगितलं कोण जाणे. कोल्हापुरात बहिणीलाही मी हे बोलले नव्हते. हात शिंपल्यांत होते म्हणून असेल, तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. सायली, तिकिटं, ती तळमजल्यावरची बाई, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "काय आहे त्या खानावळीत एवढं, तेच बघायला आले."

फिलूबायनं आणखी दोन तिसऱ्या कानाशी हलवून बघितल्या. मग म्हणाली, "माका एकदा बोलवल्यान होता ह्यान. बोटीर बायलांका नेऊक मिळा, एक फेरी. जेनोव्हापर्यंत. कागद सगळे इले होते."

"मग?"

"गाय गाभण होती. सासू म्हणाली, तू गेलंस तर गायीक कोण बघतला. मी ऱ्हवलंय." तिनं एक तिसरी हलवली आणि बाजूला टाकली. "गाय व्याली. पाडो झालो. पाडो गेलो, गाय गेली, सासूय गेली. आणि आता ह्यो रोज सांगता, फिलू, थंय असा होता, थंय तसा होता. मी म्हणतंय, व्हय व्हय. पण माका काय दिसणा नाय, बाई. नुसता ऐकतंय."

आम्ही उरलेल्या तिसऱ्या धुतल्या.

चारनंतर माणसं यायला लागली आणि मी पडवीच्या पायरीवर बसून ते बघत राहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर खुर्ची होती. पावसात इनासच्या वेताच्या खुर्च्यांना बुरशी येते, त्या नव्यानं विणून व्हायला महिना लागतो, म्हणून पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपली खुर्ची आणायची अशी इथली रीत. लाल, पांढऱ्या, एक लाकडी हातांची, एक लहान मुलाची, ती मात्र एका जाडजूड गृहस्थानं आणली होती आणि त्यावरून त्याची भरपूर चेष्टा चालली होती. प्रत्येकाच्या हातात आपल्या परड्यातलं एक लाकूडही होतं. आंब्याचं, काजूचं, कुणाचं फणसाचं. पहिला विस्तव सगळ्यांच्या लाकडांचा. कुणी कुणाला या म्हणत नव्हतं. आले, टेबलापाशी खुर्ची टेकली, आत जाऊन आपापलं पाणी घेतलं. इनासकडे लिहिलेलं काही नसतं, काय आहे हे तो विचारतही नाही. भूक किती आहे एवढंच विचारतो. मला वाटतं, अशा जागेत माणसाला स्वतःचा परिचय करून द्यावा लागत नाही. कोल्हापुरात मोठमोठ्या हॉटेलांत जेवले आहे मी. तिथं खुर्ची चांगली असते, पण ती आपल्याला ओळखत नाही.

सगळे बसले. इनास भट्टीपाशी उभा राहिला. तेवढ्यात फिलूबाय खळ्याच्या मध्यावर आली आणि तिनं सगळीकडे नजर फिरवली.

"निळी खुर्ची खंय आसा?"

कुणाला पटकन कळलं नाही. मग एकजण म्हणाला, "शेवंता वयनी इलेली नाय."

"काल सकाळपासून बघूक नाय मी तिका," फिलूबाय म्हणाली. ह्यापुढं एक अक्षर न बोलता ती निघाली. भट्टी थांबली, सगळे थांबले, कुणी कुरकूर केली नाही. दहा मिनिटांनी गडग्यापलीकडून दोन बायकांचे आवाज आले. एक म्हणत होती, "माका भूक नाय गो, सोड माका." दुसरी म्हणत होती, "भूक नाय तर जेव नको. पण ये." फिलूबायच्या डोक्यावर निळी खुर्ची आणि हातात शेवंता वहिनीचा हात. वहिनीचे डोळे सुजलेले. मुलानं दिवाळीला येत नाही म्हणून कळवलं होतं, हे मला मागाहून समजलं. त्या वेळी कुणीच काही विचारलं नाही. खुर्ची टेकली गेली आणि तिच्यापुढं पाण्याचा तांब्या आला.

तीन जिने चढून दार वाजवणारी ती परकी बाई मला पहिल्यांदा दिसली. पाच वर्षं मी तिला मनातल्या मनात नावं ठेवली होती. तापानं पडलेल्या माझ्या लेकीच्या दारात ती उभी होती, आणि मी तिथं नव्हते. खरं म्हणजे मी तिचे पाय धरायला हवे होते.

मग गाऱ्हाणं झालं. गाऱ्हाणं म्हणजे कुठल्याही कामाच्या आरंभी गावच्या देवाला सगळ्यांनी मिळून घातलेली साद. एकजण मोठ्यानं मागतो, बाकीचे साथ देतात. इनासनं आधी खुरसापुढं मेणबत्ती लावली, डोळे मिटले, छातीवर खूण केली. मग बापू घाडी पुढं आले. गावची गाऱ्हाणी पिढ्यान्पिढ्या त्यांच्या घराकडे. ऐंशीला टेकलेले, पण आवाज खणखणीत. इनासच्या भट्टीचे चिरे त्यांच्या जमिनीतले, म्हणून पहिल्या वर्षी ते हट्टानं आले, आणि आता त्यांच्याशिवाय भट्टी पेटत नाही. त्यांनी भट्टीपुढं नारळ आणि विडा ठेवला आणि हात जोडले. सगळे उभे राहिले. मीही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं खळं एका आवाजात म्हणालं. मी दचकले.

"ह्या तुझ्या लेकरान, इनासान, तुझ्या पायाकडे भट्टी मांडल्यान हा. तिका खंयची इडापिडा लागा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हयसर जेवतल्याच्या पोटाक तरास होव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण मुंबयक गेले, जे कोण बोटीर गेले, तेंका सुखी ठेव आणि चवथीक घराकडे हाड रे म्हाराजा!"

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, हाड म्हणजे आण. ह्या वेळी 'व्हय म्हाराजा' जास्तच मोठ्यानं आलं, आणि त्यात शेवंता वहिनीचा आवाज मला वेगळा ऐकू आला. मीही म्हणायला लागले होते. बापूंनी श्वास घेतला आणि माझ्याकडे मान वळवली.

"आणि ही जी बाई कोल्हापुरासून इली हा, तिचा एकुलता एक चेडू परदेशात जाऊन अडाकला हा. तेका बरी बुद्धी दी. थंयचो मोह तोड. आणि तेका हाडून ह्या आवशीच्या दारात उभा कर रे म्हाराजा!"

चेडू म्हणजे मुलगी, आवस म्हणजे आई. फिलूबायनं त्यांना सांगितलं असणार. वाईट हेतूनं नव्हे, माझं भलं व्हावं म्हणूनच. आणि बापू बिचारे दुसरं काय मागणार? पिढ्यान्पिढ्या ह्या गावानं देवाजवळ हेच मागितलं, की गेलेली माणसं परत येऊ देत. मीही पाच वर्षं हेच मागत होते. माझ्या मनातलंच कुणीतरी पन्नास माणसांसमोर मोठ्यानं म्हणालं होतं. ते बाहेरून ऐकताना मला भीती वाटली. थंयचो मोह तोड. म्हणजे तिची ती खानावळ तोड, दार वाजवणारी ती बाई तोड, आजारपणात तिच्याजवळ कुणी नको. पन्नास तोंडं उघडली होती. एका क्षणात ती 'व्हय' म्हणणार होती.

"थांबा!" मी ओरडले. "नको!"

सगळं खळं माझ्याकडे वळलं. बापूंचे हात जोडलेले तसेच राहिले.

"गाराण्यात मधी कोण बोलणा नाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. रागावले नव्हते, घाबरले होते.

"मला माहीत नव्हतं, बापू. माफ करा. पण ते मागू नका." माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला आणि मध्येच फुटला. "तिला तिथून ओढून आणू नका. ती तिथं बरी आहे. मलाच... मलाच तिच्याकडे जायचंय."

हे वाक्य मी त्या वेळी पहिल्यांदा ऐकलं.

बापू इकडेतिकडे बघायला लागले. "मागलेला परत कसा घेवचा? देवाक काय सांगू?" मंडळीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं पुन्हा पहिल्यापासून घाला, कुणी म्हणालं नारळ बदला. तेव्हा इनास पुढं झाला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "बापू, गिऱ्हाइकान ऑर्डर बदलल्यान म्हणान सांग. आमी अजून 'व्हय' म्हटला नाय. भांड्यात काय पडाक नाय."

बापूंना हे पटलं. त्यांनी पुन्हा हात नीट जोडले, खाकरले.

"बा देवा म्हाराजा! मगाशी जा मागितला ता चुकान मागितला. ता मी मागे घेतंय. चेडू जंय आसा थंयच तेका सुखात ठेव, थंयच्या माणसांकाय सुखात ठेव, आणि ह्या आवशीक धडधाकट तेच्याकडे नेऊन पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात मी नव्हते. शेजारी फिलूबाय होती, तिनं माझ्या वाट्याचंही म्हटलं असावं, कारण ती फारच मोठ्यानं ओरडली.

जेवण कसं होतं ते सांगायलाच हवं, त्यासाठी तर गेले होते. आधी भट्टीतून निघालेला पातळ भाजका पाव आला, वर टोमॅटो, सब्ज्याचा पाला आणि ते फोंड्याच्या दुधाचं चीज. मग तिसऱ्यांच्या शेवया. लसूण, तेल, तिसऱ्यांचं स्वतःचं खारट पाणी, वरून जराशी मिरची, बस. इनास म्हणाला, म्हातारा मिरची कमी घालायचा, पण म्हाताऱ्याला मालवणी माणसांना जेवायला घालायचं नव्हतं. काट्यानं शेवया गुंडाळणं मला जमेना. शेवंता वहिनीनं माझ्याकडे बघितलं, आपला काटा बाजूला ठेवला आणि हातानं खायला सुरुवात केली. मीही केली. शिंपल्यांचा खच टेबलाच्या मध्यावर वाढत गेला. वहिनीनं भूक नाही म्हणत दोनदा घेतलं. माझी विद्यार्थिनी चुकली होती. मला आवडलं, फार आवडलं, आणि खाताना सायलीची इतकी आठवण आली की मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी निघाले. इनासनं पुन्हा प्रमाण मराठीत निरोप दिला, "मॅडम, पुन्हा सेवेची संधी द्या." फिलूबाय तिठ्यापर्यंत चालत आली. एसटी दिसली तसा तिनं माझा दंड घट्ट धरला. "गेलास की सगळा बघून या. आणि मगे हय या. इनासाक सांगू नकात, माका सांगा. खरा कसा आसा ता." मी हो म्हटलं. गाडी वळेपर्यंत ती उभी होती.

त्या वाडीचं नाव मी लिहीत नाही, ह्याबद्दल वाचकांनी रागावू नये. तिथं खुर्च्या मोजक्या आहेत, आणि कुठली रिकामी आहे हे तिथल्या माणसांना दिसायला हवं.

घाट चढताना धुकं होतं. मी विचार करत होते की इतकी वर्षं मी तिला घरी ये म्हणत होते, आणि तिनं जिवाचा आटापिटा करून परक्या मुलखात जे थोडंसं घर जमवलं, ते बघायलाही गेले नाही. मुलं दूर जातात. त्याचं दुःख होतंच, आणि तुरीनला जाऊन ते कमी होईल असं मला वाटत नाही. पण तिची खुर्ची कशी दिसते, ती कुठं बसते, एवढं मला बघायचं आहे.

रविवारी संध्याकाळी फोन लावला. तिकडे दुपार होती. मागं बशांचा, माणसांचा आवाज येत होता.

"सायली, मी येते."

"कुठं?"

"तुझ्याकडे. तू म्हणशील तेव्हा."

मग फोनपासून लांब होऊन तिनं कुणाला तरी त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. एक बाई मोठ्यानं ओरडली. खुर्च्या सरकल्या, बरीच माणसं एकदम बोलायला लागली, कुणीतरी टेबल बडवलं.

"काय झालं गं? एवढं काय ओरडतायत?"

"काही नाही, आई." ती रडत होती. "ती पाच वर्षं मला विचारतेय, तुझी आई कधी येणार. मी दर वेळी सांगायची, पुढच्या महिन्यात."